माळरानावरची शाळा: सोलापूरच्या निसर्ग शिबिरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नावनोंदणी सुरू झाली की पालकांकडून, शिक्षकांकडून आणि हौशी मंडळींकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. आम्ही स्वयंसेवकांचा एक गट आहोत. बारा महिने, ऋतूप्रमाणे, सोलापूर शहरात आणि आसपासच्या माळावर-तलावावर लहानमोठ्यांना घेऊन जातो.

सोलापुरात निसर्ग आहेच कुठे? त्यापेक्षा मुलांना कासला, भीमाशंकरला का नेत नाही?

दरवर्षी सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कास आणि भीमाशंकर सुंदर आहेत, जरूर जा. पण आपली मुलं वाढतात ती माळरानाच्या काठावर, आणि तेच त्यांना कुणी दाखवत नाही.

बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघा. खाली काळा खडक, वर वीतभर मुरमाड माती, तिच्यावर पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत आणि मधूनमधून हिवर, बोर, तरवड. एवढ्याच भांडवलावर काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, माळटिटवी, चंडोल यांचा पिढ्यान्‌पिढ्या संसार चालला आहे. कमी पाऊस आणि पातळ माती यांच्याशी जुळवून घेत हजारो वर्षांत इथली जीवसृष्टी घडली. पखुर्डीचंच बघा. पाणवठ्यावर नर येतो, पोट पाण्यात बुडवून बसतो, पिसं पाण्याने जड झाली की उडून पिल्लांकडे जातो आणि पिल्लं ती भिजलेली पिसं चोखून तहान भागवतात. असा पक्षी आपल्या गावापासून तासाभरावर आहे आणि दहावीपर्यंत शिकलेल्या पोराला त्याचं नावही माहीत नसतं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. हे शिबिर सुरू ठेवण्याचं कारण तेच.

वर्षभरात कधी काय असतं?

जूनमध्ये मृग लागला की पहिला कार्यक्रम. दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की माळावर मखमली लाल मृगाचे किडे निघतात. काही दिवसांतच दिसेनासे होतात, त्यामुळे या कार्यक्रमाची तारीख आधी जाहीर करता येत नाही. पाऊस झाला की दोन दिवस आधी कळवतो. याच दिवसांत आफ्रिकेकडून आलेला चातक ऐकू येतो, आणि पावशाचं ‘पेरते व्हा’ तर ज्येष्ठांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. आजोबा मंडळी या फेरीला आवर्जून यावीत असं आम्हाला वाटतं. नक्षत्रं, पेरणी, वारा यांचं त्यांच्याकडचं ज्ञान आमच्याकडे नाही.

सोलापूरचा खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात पडतो. त्या पावसानंतरचं गवत म्हणजे माळाचं सगळ्यात देखणं रूप. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत ओळखण्याची फेरी असते. नावावरून ती कंटाळवाणी वाटते आणि गर्दीही कमी असते, पण आमच्या मते वर्षातला हा सर्वांत शिकण्यासारखा कार्यक्रम आहे. कुसळीचं एक पिकलेलं कुसळ घ्या आणि ओल्या फडक्यावर ठेवा. पीळ पडलेली ती काळपट शेपटी ओलाव्याने हळूहळू उलगडायला लागते आणि कुसळ आपोआप फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी असतं, त्यावर मागे वळलेली बारीक लव असते. दव आणि ऊन यांच्या फेऱ्यांत ते बी स्क्रूसारखं मातीत शिरत जातं आणि लव त्याला मागे येऊ देत नाही. उन्हाळ्यात वरचं गवत जळालं, चरलं गेलं तरी खाली बी सुखरूप असतं. पायमोज्यात घुसणाऱ्या या कुसळावर चिडणारी मुलं हा प्रयोग पाहिल्यावर कुसळं गोळा करून घरी नेतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अली यांचा. चितमपल्ली सोलापूरचे. १९३२ साली ते इथं जन्मले, आयुष्यभर जंगलात नोकरी करून शेवटी इथंच परतले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथंच गेले. त्यामुळे आपल्या गावात हा सप्ताह नुसत्या भाषणांवर उरकू नये, असा आमचा आग्रह असतो. आठही दिवस रोज सकाळी एक फेरी असते.

याच काळात हिप्परग्याच्या तलावावर आणि उजनीच्या जलाशयावर बदकं येतात: चक्रवाक, थापट्या, तलवार बदक. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. माळावर भोवत्ये येतात. हे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून खालून-खालून घिरट्या घालत नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर एकत्र झोपतात. गवत गेलं की त्यांची झोपायची जागाच जाते. ज्वारी भरली की भोरड्यांचे थवे शेतावर उतरतात. गोफण घेऊन माळ्यावर बसलेल्या शेतकऱ्याला त्यांचं कौतुक नसणार हे आम्ही जाणतो, आणि मुलांना त्याची बाजूही त्याच्याच तोंडून ऐकवतो. हाच पक्षी नाकतोडेही खातो, हेही तिथेच बोलून होतं. हुरडा, गूळ आणि शेंगाचटणी ही त्या फेरीची जोडबक्षिसं.

वेळा अमावस्येला आमचा कार्यक्रम नसतो. त्या दिवशी घरंच्या घरं शेतावर जातात, भज्जी आणि आंबील होते, आणि निसर्ग शिक्षण याहून वेगळं ते काय असणार? शहरातल्या ज्या कुटुंबांना शेत नाही, त्यांनी ओळखीपाळखीच्या शेतावर जरूर जावं.

मग उन्हाळी सुट्टीत काहीच नाही? मुलं तर तेव्हाच मोकळी असतात.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात मुलांना माळावर नेणं आम्हाला मान्य नाही, कितीही आग्रह झाला तरी. शिवाय तेव्हा पाणवठ्यांवर प्राण्यांची स्वतःची तारांबळ असते, त्यात आपली गर्दी नको.

उन्हाळ्यात कार्यक्रम असतात ते पहाटे साडेपाच ते साडेसात, किंवा रात्री. रात्रीचा कार्यक्रम आकाशदर्शनाचा, शहराच्या उजेडापासून लांब. आणि एक कार्यक्रम मात्र भर दुपारी असतो, गच्चीवर, जेमतेम पंधरा मिनिटांचा: शून्य सावलीचा. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा तसंच होतं, पण तेव्हा ढग आड येतात. दिल्लीला हे कधीच घडत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं कर्कवृत्त मुलांना त्या पंधरा मिनिटांत कळतं.

माळढोक दिसेल का?

खरं सांगायचं तर, दिसेल अशी आशा ठेवून येऊ नका.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. तेव्हाचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली कितीतरी गावं-शहरं त्यात आली होती. लोकांची घरं, शेतं, खरेदी-विक्री सगळंच अडलं, आणि पक्ष्याविषयी राग निर्माण झाला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी केलं गेलं. या सगळ्या काळात पक्षी मात्र घटतच राहिला. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्री, गुरांचे खूर, माणसांची वर्दळ, यातलं काहीही त्या एका अंड्याला पुरतं. मोठा जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आपटतो. आज देशभरात मिळून दीडशेहूनही कमी माळढोक उरले असावेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. आपल्याकडे संख्या एखाद-दुसऱ्यावर आली.

मुलं विचारतात, मग अभयारण्य कशाला? काळवीट, लांडगे, धाविक, भोवत्ये आज तिथं आहेत ते माळढोकाच्या नावाने राखलेल्या गवतामुळेच. काळविटाचा नर मान मागे टाकून, पिळाची शिंगं पाठीला टेकवून आपल्या हद्दीतून ऐटीत चालतो, ते दृश्य नान्नजला सकाळच्या वेळी बहुतेकदा मिळतं. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. ती आम्ही घेतो.

लांडगे आहेत म्हणता. लहान मुलांना न्यायला भीती नाही का?

माळावरचा लांडगा माणसाला पाहून दूर जातो. तो दिसलाच तर पाठमोरा आणि लांब दिसतो. त्याचा खरा व्यवहार धनगरांच्या मेंढ्यांशी आहे, आणि धनगर मंडळी त्याच्याविषयी जे सांगतात ते ऐकण्यासारखं असतं: कळप कसा हेरतो, वारा कुठून आहे ते कसं पाहतो, कुत्र्याला कसं चकवतो. मेंढरू नेलं म्हणून कळवळणारा माणूसच ‘तोही माळाचाच आहे’ असं म्हणतो, तेव्हा मुलं गप्प होऊन ऐकतात. मेंढरू मारलं गेलं तर वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा वेळेत व्हावा लागतो. ही माहिती आम्ही वाड्या-वस्त्यांवर आवर्जून देतो.

थंडीत लांडग्यांची पिल्लं बिळात असतात. बीळ कुठे आहे हे माहीत असलं तरी आम्ही तिकडे कुणालाही नेत नाही.

सापांचं काय?

पालकांच्या मनात पहिली भीती हीच असते, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आढळतात. प्रत्येक शिबिराच्या सुरुवातीला या चौघांची चित्रं दाखवून ओळख करून देतो. फुरसे वीत-दीडवीत लांबीचंही असतं आणि मुरमाच्या रंगात बेमालूम मिसळतं, म्हणून आमच्यातला नियम एकच: दगड उलटायचा नाही, हात दिसणार नाही तिथं हात घालायचा नाही. पायात बूट हवेतच. चप्पल घालून आलेल्या मुलाला गाडीत घेत नाही, मग ते कितीही रडलं तरी.

साप चावलाच तर काय करायचं हे मोठ्यांनीही पाठ करून ठेवावं. चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही. जखम कापायची नाही, रक्त चोखायचं नाही, दोरीने करकचून आवळायचं नाही. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवायचं नाही. १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविषाचं इंजेक्शन तिथं मिळतं. साप मारून सोबत नेण्याची काहीही गरज नसते.

श्रावणात नागपंचमीच्या सुमारास आम्ही शाळांमध्ये जातो. साप दूध पीत नाही. टोपलीतल्या नागाला आधी तहानलेला ठेवलेला असतो म्हणून तो समोरचं काहीही पितो. साप पकडून खेळ करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आयाबहिणी वारुळाला, भिंतीवरच्या चित्राला हळद-कुंकू वाहतात, ती पूजा सुंदर आहे आणि तिने कुणाचं वाकडं होत नाही. घरात साप निघाला तर सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आम्हाला झाडं लावायची आहेत. तुम्ही वृक्षारोपण का ठेवत नाही?

शहरात ठेवतो. शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, सोसायटीत कडुनिंब, वड, पिंपळ, करंज लावायला पावसाळ्यात मदत करतो, आणि तीन उन्हाळे पाणी घालणार असाल तरच.

माळावर मात्र लावत नाही. चांगल्या मनाने केलेल्या कामातून नुकसान होतं ते इथं. पूर्वी गवताळ जमीन हिरवी करायची म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ अशी बाहेरून आणलेली झाडं लावली गेली, नान्नजच्या परिसरातसुद्धा. झाडी दाटली की खालचं गवत मरतं. माळढोक, धाविक, माळटिटवी यांना चारी दिशांना लांबवर दिसेल अशी उघडी जागा लागते, कारण शत्रू लांबून दिसणं हेच त्यांचं संरक्षण. दहा फुटांची झाडांची रांग उभी राहिली की ती जागा त्यांच्यासाठी संपली. शिवाय गवताच्या मुळ्यांचं जाळं माती धरून ठेवतं, पावसाचं पाणी मुरवतं, गुरांना चारा देतं. दुष्काळी तालुक्यात चाऱ्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तेव्हा माळासाठी काही करायचंच असेल तर उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळपट्टे काढायला या, प्लास्टिक उचलायला या. फोटो चांगला येत नाही या कामाचा, पण गरज याचीच आहे.

वयाची अट काय?

माळावरच्या फेरीला आठ वर्षांपुढची मुलं. त्याहून लहान मुलांनी पालकांसोबत शहरातल्या फेऱ्यांना यावं. वरची अट नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तलावाकाठी बसून पक्षी पाहण्याचे कार्यक्रम असतात.

गावाबाहेर यायला वेळ नाही, पैसेही नाहीत. आमच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि आमच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात, हजारो माणसं यंत्रमागावर असतात. त्यांच्या मुलांना गाडी करून नान्नजला जाणं जमणार नसेल तर कार्यक्रम त्यांच्या वस्तीजवळ व्हायला हवा.

कंबर तलावावर सिटी बसने जाता येतं. तिथं कमळपक्षी पाहायला मिळतो: लांबलचक बोटं पसरून पानांवरून चालत जातो. त्याची अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. मादी दुसरीकडे निघून जाते. हे सांगितलं की आयांमध्ये बराच वेळ चर्चा चालते. सिद्धेश्वर तलावाकाठी आणि भुईकोट किल्ल्याच्या बागेत खंड्या, वेडा राघू, वंचक सहज दिसतात. विडी घरकुलात झालेल्या एका कार्यक्रमात तेंदूच्या पानावरून गप्पा निघाल्या होत्या. ते पान कुठल्या जंगलातून येतं, कोण तोडतं, हे रोज पान हातात घेणाऱ्यांनाच कुणी कधी सांगितलं नव्हतं. आता ती माहिती आम्ही प्रत्येक वस्तीत देतो.

शहरातल्या सगळ्या फेऱ्या मोफत आहेत. बाहेरगावच्या फेरीचं गाडीभाडं आणि प्रवेशशुल्क सगळ्यांत वाटून घेतो. ज्यांना ते जड जातं त्यांनी नोंदणी करताना हळूच सांगावं. मुलाला सोबत घेतलं जाईल आणि ते कुणाला कळणार नाही.

घरी तेलुगू बोलतो. मुलांना मराठी शब्द कळतील का?

कळतील. आमच्या गटात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे स्वयंसेवक आहेत. पक्ष्यांची नावं फळ्यावर सगळ्या भाषांतून लिहितो: मोर, नेमली, नविलु. ज्याला घरचं नाव माहीत असेल त्याने ते सांगायचं.

काय आणायचं?

पूर्ण बाह्यांचे मातकट किंवा हिरवट कपडे, बूट, टोपी, दोन लिटर पाणी, वही-पेन्सिल, घरचा डबा. भाकरी, चटणी, कांदा असला की झालं. वेफर्सची पाकिटं नकोत. अत्तर लावू नका. दुर्बीण नसली तरी चालेल, चार-पाच जणांत एक देतो.

फोटो काढता येतील?

काढा, पण घरट्याचे, अंड्यांचे आणि पिल्लांचे नाही. माळटिटवी चार खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते. आपण फोटोसाठी पाच मिनिटं तिथं उभे राहिलो तर ती तेवढा वेळ अंड्यांपासून दूर राहते, आणि आपण कुठे थांबलो हे कावळा वरून पाहत असतो. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाईलवर आवाज लावायचा नाही. ड्रोन आणायचा नाही.

शाळेसाठी स्वतंत्र कार्यक्रम करता का?

हो. एका वेळी एकच तुकडी, आणि सोबत दोन शिक्षक हवेत. पावणेदोनशे मुलांना एकदम घेऊन जाण्याच्या विनंत्या येतात, त्या आम्ही नाकारतो. एवढ्या मुलांना माळावर फक्त एकमेकांच्या पाठी दिसतात.

शिबिर संपल्यावर मुलांचा उत्साह टिकवायचा कसा?

खिडकीतून दिसणारं एक झाड निवडायला सांगा आणि त्याची वही करा: पालवी कधी, फूल कधी, कोण येऊन बसलं. मोठ्या मुलांनी पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर घालाव्यात, मराठी नावांची सोय आहे. फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची जगभरची चार दिवसांची पक्षीगणना असते, तिच्यात गच्चीवरून पंधरा मिनिटं मोजलेले कावळे-साळुंक्याही चालतात. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर पसरट मातीचं भांडं सावलीत ठेवा आणि रोज घासून पाणी बदला. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि पक्ष्यांना आजारही.

ठरलेल्या दिवशी पाऊस आला तर?

रिमझिम असेल तर जातो. काळी माती असलेल्या वाटेवर पाऊस झाला की गाडी रुतते, म्हणून जोराचा पाऊस असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत सगळ्यांना निरोप देतो आणि पुढच्या रविवारी तीच फेरी घेतो. विजा कडाडत असतील तर उघड्या माळावर कुणीही थांबत नाही. अर्ध्या वाटेत असलो तरी परत फिरतो.